वाचकांचे प्रश्न : यात्रेच्या बोटीवरून ऱ्होड्सच्या तटबंदीत

प्रश्न : आमच्या मंडळीतील साधारण चाळीस जण येत्या सप्टेंबरात संत पौलाच्या प्रवासमार्गावरील सामूहिक यात्रेला निघत आहेत. अथेन्सजवळच्या बंदरातून बोट सुटेल आणि इफिस, पात्म, ऱ्होड्स अशी ठिकाणे होतील. ऱ्होड्सला बोट सकाळी आठ ते दुपारी चार थांबणार असून टूर कंपनीने दोनपैकी एकच सहल निवडायला सांगितले आहे : लिंडोस आणि तेथील संत पौलाची खाडी, किंवा ऱ्होड्सचे जुने तटबंदीचे शहर. आमच्या पाळकसाहेबांचे म्हणणे असे, की तटबंदीचे शहर म्हणजे लढायांचा इतिहास, त्याचा यात्रेशी काय संबंध? बहुतेक मंडळी साठीच्या पुढची आहेत. आपण काय सुचवाल?
– एक वाचक, वानवडी

उत्तर : पाळकसाहेबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. ऱ्होड्सच्या जुन्या शहरात पौलाचे म्हणून दाखवता येईल असे काही नाही, हे खरे. तथापि ते शहर ज्यांनी उभारले, त्यांचा मूळ व्यवसायच यात्रेकरूंची देखभाल करणे हा होता, आणि या एका गोष्टीमुळे आमचा कौल जुन्या शहराच्या बाजूने पडतो.

आधी लिंडोसचे पाहू. हे गाव ऱ्होड्स शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच बसचे दोनेक तास जातात. गावाच्या डोक्यावरील टेकडीवर अथेना लिंडिया या देवतेचे प्राचीन मंदिर आहे आणि त्याला, जुने शहर उभारणाऱ्या हॉस्पिटलर नाइटांनी, म्हणजे धर्मसंघातील लढवय्यांनी, मध्ययुगात घातलेला तट आहे. चढणीच्या पायथ्याशी खडकात कोरलेले इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील जहाज मात्र आवर्जून पाहण्याजोगे आहे. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, जवळजवळ चारी बाजूंनी खडकांनी वेढलेली छोटी खाडी आहे, तिच्या काठी पौलाच्या नावाचे पांढरे चॅपेल आहे, आणि वादळात सापडलेल्या पौलाच्या गलबताला याच खाडीने आसरा दिला अशी तेथील परंपरा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात मात्र पौल कोसहून ऱ्होड्सला व तेथून पातऱ्याला गेला, एवढाच उल्लेख आहे, लिंडोसचे नाव नाही, वादळ नाही, उपदेशही नाही. परंपरेला मान द्यावा, परंतु तिच्यासाठी साठीच्या पुढच्या चाळीस माणसांना सप्टेंबरच्या उन्हात, सावली नसलेल्या जवळपास तीनशे पायऱ्या चढायला लावावे की नाही, याचा निर्णय मंडळीने डोळसपणे घ्यावा. नुसत्या खाडीपर्यंत जायचे आणि टेकडी चढायची नाही असे ठरले, तर लिंडोसची सहलही सुसह्य होईल.

आता जुन्या शहराविषयी. अकराव्या शतकात इटलीतील अमाल्फीच्या व्यापाऱ्यांच्या मदतीने जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक रुग्णालय चालत असे. जेरार्ड नावाच्या बंधूंच्या देखरेखीखालील या सेवासंघाला १११३ साली पोप दुसरे पास्कल यांनी मान्यता दिली. पुढे रस्त्यावरच्या यात्रेकरूंचे रक्षण करण्याच्या निमित्ताने याच संघाने शस्त्र हाती घेतले आणि हॉस्पिटलर नाइटांची संघटना तयार झाली. १२९१ साली पवित्र भूमीतील आक्रा हे त्यांचे शेवटचे मोठे ठाणे पडल्यावर ते सायप्रसला गेले आणि १३०९ पासून १५२२ पर्यंत ऱ्होड्स ही त्यांची राजधानी राहिली. या दोनशे वर्षांत व्हेनिसहून पवित्र भूमीतील याफो बंदराला जाणारी यात्रेकरूंची गलबते वाटेत ऱ्होड्सला थांबत. गलबताचा मालक यात्रेकरूंशी लेखी करार करी. भाडे, दोन वेळचे जेवण आणि वाटेतले कर यांचा ठराव निघण्यापूर्वीच होई, आणि कराराप्रमाणे जेवण मिळत नाही ही तक्रार तेव्हाही होत असे. महिना-दीड महिन्याच्या त्या प्रवासात ज्यांच्यावर अंथरूण धरायची वेळ येई, त्यांना ऱ्होड्सच्या रुग्णालयात ठेवून घेत. त्यामुळे आपली मंडळी या बंदरात यात्रेच्या बोटीवरून उतरणार, तेव्हा कित्येक शतके रुळलेल्या वाटेनेच उतरणार आहेत.

हे रुग्णालय आजही उभे आहे आणि त्यात ऱ्होड्सचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्रँड मास्टर, म्हणजे संघाचे प्रमुख, फ्लुवियन यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमेतून १४४० साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि शतक संपता संपता पुरे झाले. मार्गदर्शक बहुधा खालच्या चौकातील सिंह आणि वरच्या दालनांतील संगमरवरी अॅफ्रोडाइटी दाखवून पुढे नेतात. आपण मात्र जिना चढून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या रुग्णदालनात जाण्याचा आग्रह धरावा. लांबच लांब दालन, मधोमध दगडी खांबांची एकच रांग, त्यांवर कमानी आणि वर लाकडी छत, असे त्याचे स्वरूप आहे. भिंतींना लागून बिनखिडक्यांच्या लहान खोल्या आहेत. दालनाच्या एका लांब बाजूला, नेमका खालच्या मुख्य दरवाज्याच्या माथ्यावर, बाहेर काढलेला एक छोटा कोनाडा आहे. त्यात वेदी होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न उठता उपासना दिसावी आणि ऐकू यावी, म्हणून ती अशी दालनातच बांधली. रुग्ण हे आपले धनी आणि आपण त्यांचे चाकर, असे या संघाच्या नियमांत होते. ते दगडात कसे उतरले हे त्या कोनाड्यासमोर पाच मिनिटे उभे राहिल्यावर जितके कळते, तितके व्याख्यानाने कळणार नाही.

बंदराजवळच्या सेंट कॅथरिनच्या दरवाज्यातून आत शिरलात, तर अगदी जवळच सेंट कॅथरिनची धर्मशाळाही आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इटलीहून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी ती बांधली गेली आणि आता तिची नीट डागडुजी झाली आहे. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी : १४८४ साली ऑटोमन सुलतान दुसरा बायझीद याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उजवा हात म्हणून जपलेला अवशेष नाइटांना भेट दिला. सुलतानाचा बंडखोर भाऊ जेम त्यांच्या ताब्यात होता, त्याला त्यांनी सोडू नये हा त्यामागचा हेतू. राजकारणाच्या पोटी आलेल्या या अवशेषाच्या दर्शनाला पुढे यात्रेकरू भक्तिभावाने येत राहिले.

नाइट केवळ सेवाव्रती होते, असे मात्र मंडळीला सांगू नये. त्यांची गलबते मुसलमान व्यापाऱ्यांची जहाजे लुटत, पकडलेल्या माणसांना गुलाम करीत, आणि शहराच्या उत्तरेकडील भिंतीआडचा भाग स्वतःसाठी राखून स्थानिक ग्रीक प्रजेला खालच्या भागात ठेवीत. खालच्या भागात फिरताना दिसणाऱ्या इतर खुणाही टाळू नयेत. तेथे १५७७ सालचे काहाल शालोम हे ग्रीसमधील सर्वांत जुने वापरातील सिनेगॉग आहे, आणि जवळच्या चौकात जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी मृत्युछावणीकडे रवाना केलेल्या बेटावरील ज्यूंचे स्मारक आहे. त्या वेळी ऱ्होड्सहून सोळाशेहून अधिक माणसे नेली गेली. परत येऊ शकले ते दीडशेच्या आसपास. यात्रेतील प्रार्थनेसाठी जागा शोधत असाल, तर ही जागा विचारात घ्यावी.

ग्रँड मास्टरचा राजवाडा सर्वांत भव्य दिसतो आणि छायाचित्रेही त्याचीच निघतात, पण वेळ कमी असेल तर तो आतून पाहणे आम्ही वगळू. १८५६ साली जवळच्या चर्चखाली साठवलेल्या दारूगोळ्यावर वीज पडून झालेल्या स्फोटात चर्च नाहीसे झाले आणि आधीच मोडकळीला आलेल्या राजवाड्याची आणखी नासधूस झाली. आज दिसतो तो बराचसा इटालियन राजवटीत १९३७ ते १९४० दरम्यान पुन्हा उभारलेला आहे, आणि आतील जमिनीवरची सुंदर चित्रफरशी कोस बेटावरून आणलेली आहे. रुग्णालयापासून राजवाड्यापर्यंत चढत जाणारा नाइटांचा रस्ता तेवढा सावकाश चालावा. त्याच्या दुतर्फा निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या नाइटांच्या वास्तू असून प्रत्येकीवर आपापली कुलचिन्हे आहेत.

प्रश्न : मी सह्याद्रीतील गडकिल्ले फिरणारा आहे. आईसोबत अशाच यात्रेच्या बोटीने ऱ्होड्सला जाणार आहे. आई गटाबरोबर चर्च आणि संग्रहालय पाहील. मला तेवढ्या वेळात तटबंदी पाहता येईल का? आणि ती पाहण्याजोगी आहे का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : पाहण्याजोगी आहे काय, असे विचारता, तोफांच्या युगात किल्ला कसा बदलत गेला हे एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर भूमध्य समुद्रात याच्या तोडीची ठिकाणे फार थोडी सापडतील. सुमारे चार किलोमीटरचा हा तट युनेस्कोच्या १९८८ सालच्या जागतिक वारसा यादीत शहरासह समाविष्ट आहे.

आपल्या गडांना कडा असतो, त्यामुळे तट अनेकदा नावापुरताच लागतो. ऱ्होड्स सपाटीवर आहे. कड्याचे काम तेथे खंदकाने केले आहे. म्हणून आमचा सल्ला असा, की फांजीवरून फिरण्याच्या मागे न लागता आपण सरळ खंदकात उतरावे. तटावरची फेरी राजवाड्याच्या बाजूने आणि ठरावीक वेळीच सुरू असते. खंदकात मात्र तिकीट नाही आणि गर्दीही नाही. राजवाड्यामागच्या आंब्वाझ दरवाज्याकडून उतरून दक्षिणेला वळसा घालत आकांदिया दरवाज्याशी बाहेर पडलात, तर बोटींच्या धक्क्याजवळच निघाल. खंदक कोरडा, रुंद आणि गवताळ आहे, आणि दोन वेढ्यांतले दगडी तोफगोळे अजून जागोजाग पडलेले आहेत.

पहिला वेढा १४८० सालचा. ऑटोमन तुर्कांचा सेनापती मेसिह पाशा याच्या फौजेने ज्यू वस्तीच्या बाजूचा तट तोफांनी पाडला, खिंडारातून आत शिरलेले सैनिक हातघाईच्या लढाईत मागे रेटले गेले आणि वेढा उठला. उंच आणि सडपातळ भिंत तोफेपुढे टिकत नाही हा धडा घेऊन ग्रँड मास्टर दोबुसाँ आणि त्याच्या वारसांनी पुढची चाळीस वर्षे तट जाड करण्यात, खंदक रुंद करण्यात आणि दरवाजे कमी करण्यात घालवली. खंदकात मध्येच उभे असलेले दगडी बांधकामाचे प्रचंड ठोकळे दिसतील. ते याच काळातले, शत्रूचे गोळे मुख्य तटावर थेट पडू नयेत म्हणून पुढे काढलेले आडतट आहेत. तटाची प्रत्येक लांबी एकेका प्रांताच्या नाइटांकडे सोपवलेली होती आणि इंग्लंड, स्पेन, इटली अशी नावे त्या त्या भागाला आजही आहेत.

आंब्वाझ दरवाजा १५१२ सालचा. दोन बुटक्या, पोटात भरलेल्या गोल बुरुजांमध्ये तो बसवला आहे आणि आत शिरल्यावर वाट सरळ न जाता वळणे घेते. गोमुखी बांधणीच्या दरवाज्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ही योजना लगेच ओळखू येईल, आणि रायगडाच्या महादरवाज्यापेक्षा तिच्यात काय वेगळे आहे हे आपल्यालाच अधिक चांगले सांगता येईल.

दुसरा वेढा १५२२चा, खुद्द सुलतान सुलेमानाचा. या वेळी तोफांइतकाच भर सुरुंगांवर होता. किल्ल्यातील इटालियन स्थापत्यविशारद गाब्रिएले तादिनी याने जमिनीखालची खोदाई ओळखण्यासाठी ताणलेल्या कातड्याचे पडदे आणि त्यांना लावलेल्या घंट्या वापरल्या. जमीन किंचित हादरली तरी घंटा वाजे, आणि मग आतून उलट भुयार खणून शत्रूचा सुरुंग निकामी करीत. तरीही ४ सप्टेंबरला इंग्लंडच्या बुरुजाखाली मोठा सुरुंग उडालाच. अखेर डिसेंबरात तह झाला, नाइटांना शस्त्रांसह जाऊ देण्यात आले आणि १ जानेवारी १५२३ रोजी त्यांनी बेट सोडले. पुढे १५३० साली ते माल्टात स्थिरावले. म्हणजे एवढा तट बांधूनही किल्ला गेला. पण सहा महिने तो कशाच्या बळावर टिकला, ते खंदकात उभे राहून वर पाहिले की समजते.

प्रश्न : संत पौल या तटाच्या आत चालले होते असे मार्गदर्शकांनी सांगितल्याचे मैत्रिणीने सांगितले. हे खरे का?
– एक वाचिका, पुणे कॅम्प

उत्तर : आज दिसणाऱ्या तटाचे म्हणाल, तर पौल त्याच्या साडेतेराशे-चौदाशे वर्षे आधी होऊन गेले, त्यामुळे हे विधान तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. इसवी सन ५७च्या सुमारास त्यांचे गलबत येथे थांबले, तेव्हा येथे इसवी सनापूर्वी ४०८ साली वसवलेले, सरळ आखीव रस्त्यांचे ग्रीक शहर होते, आणि मध्ययुगीन वस्ती त्याच्याच एका भागावर बसलेली आहे. नाइटांचा रस्ताही बंदराकडे उतरणाऱ्या प्राचीन रस्त्यावरच आहे असे मानतात. जगातील सात आश्चर्यांत गणलेला कोलोसस हा सूर्यदेवतेचा ब्राँझचा पुतळा तर त्याआधी जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच भूकंपाने कोसळलेला होता. त्याचे अवशेष मात्र तसेच पडून होते. पौलाच्याच शतकात रोमन लेखक प्लिनीने त्यांचे वर्णन केले आहे. पौल गलबतावरून उतरलेच असतील, तर उभा कोलोसस नव्हे, पडलेला कोलोसस त्यांनी पाहिला असेल, एवढे म्हणता येईल.

प्रश्न : आम्ही सर्व ठिकाणी मराठी भजने म्हणून छोटी उपासना करतो. ऱ्होड्सच्या किल्ल्यात तशी परवानगी मिळते का? पोशाखाचे काही नियम आहेत का?
– एक वाचिका, खडकी

उत्तर : संग्रहालयात आणि पुरातत्त्व स्थळांवर मोठ्याने भजने म्हणू नयेत, पहारेकरी लगेच थांबवतील आणि तो प्रसंग गटाला शोभणार नाही. त्याचप्रमाणे अशा स्थळांवर गटाला माहिती सांगण्याचा अधिकार ग्रीक कायद्याने परवानाधारक मार्गदर्शकांनाच आहे, तेव्हा पाळकांनी आपले विवेचन बसमध्ये किंवा बोटीवर आटोपावे. उघड्यावर, रस्त्यापासून बाजूला, हलक्या आवाजात म्हटलेल्या दोन कडव्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. ज्यू वस्तीजवळ, पानागिया दरवाज्यालगत, ‘बुर्गोची माता’ या मध्ययुगीन चर्चचे छत नसलेले अवशेष आहेत. तेथे गटाला शांतपणे उभे राहता येईल. रोमन कॅथलिक मंडळींना मिस्सा हवी असेल, तर सेंट अथानासियस दरवाज्याबाहेर सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. वेळेची विचारणा निघण्यापूर्वीच पत्राने करावी.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी, पंजाबी ड्रेस व पूर्ण पँट यांना काहीच अडचण नाही. बोटीवर घातलेली अर्धी चड्डी तेवढी बोटीवरच ठेवावी. मेणबत्ती लावणे सर्वांना खुले आहे, प्रभुभोजनात सहभाग मात्र फक्त ऑर्थोडॉक्स सभासदांनाच मिळतो, आणि तो नाकारला गेल्यास अपमान मानू नये.

प्रश्न : बोट ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येते. एकच शेंगेन व्हिसा पुरेल का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : पुरेल, पण तो एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा असला पाहिजे. इफिससाठी बोट तुर्कस्तानातील कुशादासी बंदराला लागते, म्हणजे आपण शेंगेन क्षेत्राच्या (सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या) बाहेर पडता, आणि पात्म किंवा ऱ्होड्सला उतरताना पुन्हा आत येता. एकेरी प्रवेशाचा व्हिसा घेतलेला प्रवासी येथेच अडकतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी द्यावा लागतो. गटाचे अर्ज असतील तर शेवटच्या महिन्यावर ठेवूच नयेत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध व गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. तुर्कस्तानसाठी भारतीय पासपोर्टवर काय लागेल, हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर चाळीस जणांची यात्रा बेतू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात आणि गटात एक व्हीलचेअरही आहे. जुन्या शहरात फिरणे झेपेल का?
– एक वाचिका, येरवडा

उत्तर : अंतर झेपेल, फरसबंदी त्रास देईल. बोटींच्या धक्क्यापासून तटाचे दरवाजे चालत काही मिनिटांवर आहेत. पण जुन्या शहरात अनेक गल्ल्यांत समुद्रकाठचे गोटे उभे रोवून केलेली जमीन आहे. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक गोटा टोचतो, आणि पाऊस किंवा धुतलेले पाणी असेल तर तेच गोटे निसरडे होतात. जाड तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत, आणि काठी असेल तर तिच्या टोकाचे रबर नवे असावे. नाइटांच्या रस्त्याला चढ आहे, म्हणून टॅक्सीने आंब्वाझ दरवाज्याशी उतरून तो रस्ता वरून खाली उतरत यावा. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तरीही मागून धरणारे आणखी कोणीतरी लागेल. रुग्णालयाचे वरचे दालन जिन्याने गाठावे लागते, तेव्हा तेथे मदत मिळेल का हे मार्गदर्शकाकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

गट फुटला तर पुन्हा एकत्र येण्याची जागा हिप्पोक्रेटिस चौकातले कारंजे ही ठरवावी. ते मरीन दरवाज्याच्या अगदी आतल्या बाजूला आहे, आणि त्या दरवाज्याचे दोन गोल बुरूज बंदराच्या बाजूनेही ओळखू येतात. बोट सुटण्याच्या छापील वेळेच्या बरीच आधी शिडी ओढून घेतली जाते, म्हणून भेटण्याची वेळ बोटीच्या पत्रकावरची नव्हे, तिच्या तासभर आधीची सांगावी.